नवरदेवाशेजारी कोण बसलं?

मुकाई तांदूळवाल्याने मला हेर केलं. हसू नका, खरंच केलं. योत्सुयाच्या चढावरच्या आमच्या आळीचा शेजारगट त्याच्या हातात होता आणि रेशनचा तांदूळही तोच मोजायचा, तेव्हा त्याला नाही म्हणायची कोणाची छाती होती? एके सकाळी दाराशी येऊन म्हणाला, "हामाबाई, तोगाशीबाईंकडे तो परदेशी साहेब येतो ना, तो आला की तुम्ही आपलं शिवणटिपण घेऊन तिथे जाऊन बसायचं. काय बोलतात ते मला येऊन सांगायचं."

"आणि त्यांनी हाकलून दिलं तर?"

"नाही देणार. मी त्यांना सांगून ठेवलंय."

घ्या! जिच्यावर नजर ठेवायची तिलाच सांगून ठेवलेलं. असली कसली मेली हेरगिरी! पण माझा नवरा, तातामी चटया विणणारा माणूस, कधीच गेला होता, आणि तोकुजी, माझा एकुलता एक, चीनच्या आघाडीवर. घरात भिंतींशी बोलून बोलून कंटाळा आला होता. म्हटलं, चला, तेवढीच चहाला सोबत.

इकु तोगाशी म्हणजे आमच्या आळीतलं बडं प्रस्थ. नवरा परराष्ट्र खात्यात मोठा अधिकारी होता, दोघं देशोदेशी राहून आलेली. तो होता तेव्हा त्यांच्या उंबऱ्याशी एवढे बूट असायचे की पाय ठेवायला जागा नसायची. तो गेला, मग दिवस फिरले, परदेशी लोकांशी ओळख असणं म्हणजे महारोग झाल्यासारखं झालं आणि एकेक करून बूट कमी झाले. मी जायला लागले त्या उन्हाळ्याच्या तोंडी तिथे फक्त दोन जोड असायचे, माझ्या झिजलेल्या खडावा आणि थॉर्नबीसाहेबांचे होडीएवढे बूट.

थॉर्नबीसाहेब एका पाश्चात्त्य वकिलातीत सल्लागार. आमची भाषा त्यांना बाईंनीच शिकवली होती, म्हणून ते दरबारातल्या म्हाताऱ्यासारखे बोलायचे. मला म्हणायचे, "हामाबाई, आपली प्रकृती उत्तम असावी अशी मी नम्र आशा करतो." मी म्हणायचे, "गुडघे दुखतात." पुढे काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही. पण माणूस भला होता. एक-दोनदा आपल्या मुलीला, नेलला, घेऊन आला होता. सात-आठ वर्षांची, गालांवर तीळ सांडल्यासारखे डाग. आमच्या पर्सिमनच्या झाडावर चढली आणि झगा अडकवून बसली, तेव्हा मीच तिला खाली उतरवली होती. मी गुंडाळलेला दोऱ्यांचा रंगीत चेंडू तिला एवढा आवडला की रात्री उशाशी घेऊन झोपायची म्हणे.

तर हे साहेब यायचे ते एकच गोष्ट विचारायला. आमच्या वरच्या लोकांत कोण कोणाच्या बाजूला आहे? पेपर वाचून काय कळणार, पेपरात सगळे एकदिलाने उभे. पण आतून दोन तट आहेत हे आळीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. एक बोलणीवाले. अमेरिकेशी बसून बोला, थोडं मागे सरा, पण लढाई टाळा, असं म्हणणारे. त्यांचे म्होरके बॅरन कुनितोमो, बाईंच्या नवऱ्याचे जुने वरिष्ठ. दुसरे, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणणारे, त्यांचे जनरल ओगुमा. कोणाचा जोर वाढतोय, हे साहेबांना आपल्या सरकारला कळवायचं असायचं.

बाई म्हणायच्या, "भाषणं ऐकू नका हो. लग्नं बघा. कोणाच्या लग्नात मध्यस्थ म्हणून कोण बसलं ते बघा."

आता हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. आमच्यात मध्यस्थ नवरदेवाशेजारी बसतो आणि त्याची बायको नवरीशेजारी, आणि त्या दिवसापासून ते त्या जोडप्याचे जन्माचे वडीलधारे. नोकरी, बढती, भांडण, बारसं, सगळं त्यांच्या सल्ल्याने. तरुण अधिकारी ज्याला शेजारी बसवतो त्याचा तो माणूस झाला, चारचौघांत, कायमचा. साहेब हे ऐकून असे खुश झाले, जणू कोणी तिजोरीची किल्ली हातात दिली.

"मग शुन्साकुच्या लग्नात कोण?" त्यांनी विचारलं.

शुन्साकु म्हणजे बाईंच्या दिराचा पोरका मुलगा. आईबाप भूकंपात गेले, तेव्हापासून बाईंनी पोटच्या पोरासारखा वाढवला. आता तो परराष्ट्र खात्यात होता, बॅरनचा उजवा हात.

"कोण म्हणजे? बॅरन कुनितोमो. वसंतातच ठरलंय." बाईंचा चेहरा उजळला. "मी आईच्या जागी बसणार. लग्नाचा लाल भात तुम्हाला सगळ्यांत आधी खाऊ घालीन."

साहेबांनी खालच्या आवाजात सांगितलं की बायकामुलांना मायदेशी नेणारी बोट योकोहामाहून निघायची आहे, बहुधा शेवटचीच. बायको जायला तयार नाही, त्यांनाही पाठवायचा धीर होत नाही. "बॅरन त्या जागी बसले, आणि त्यांचं सगळं खातं तिथे जमलं, तर बोलणीवाल्यांच्या पायाखाली अजून जमीन आहे असं मी धरीन. मग मार्गारेट आणि नेल इथेच राहतील. तुमच्या शुन्साकुच्या लग्नावर मी ठरवणार आहे, बाई."

मुकाईला मी काय सांगितलं? लग्नाच्या गप्पा झाल्या म्हणून सांगितलं. तेच झालं होतं. तो म्हणाला, "बायकांना दुसरं काही सुचतं का?"

पुढच्याच आठवड्यात शुन्साकु आला. मी स्वयंपाकघरात मुळे सोलत होते, तो आला म्हणून बाईंनी मला थांबवून घेतलं होतं. मधलं दार कागदाचं, ऐकू न येऊन सांगता कोणाला? तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला. आमच्या माणसांनी हवापाणी लांबवलं की समजावं, काहीतरी वाईट येतंय.

"काकू, मध्यस्थ बदलले आहेत."

"बॅरनना बरं नाही का?"

"बरं आहे. जनरल ओगुमा बसणार आहेत. सपत्नीक."

माझ्या हातातला मुळा तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "तू ओगुमाकडे गेलास?"

"मी एकटा गेलो नाही, काकू. सगळेच गेले. बॅरनच्या घरी आता कोणी पाऊल टाकत नाही. नवरीकडच्यांनी स्पष्टच सांगितलं, बॅरन असतील तर लग्न नको."

"तुझ्या काकांनी त्या माणसाच्या हाताखाली हाडं झिजवली."

"काकांच्या वेळची गोष्ट वेगळी होती." मग तो घसा खाकरून म्हणाला, "आणि काकू... तुमच्याकडे तो थॉर्नबी येतो. जनरलसाहेबांना माहीत आहे. नवरीकडच्यांनाही. तर तुम्ही, म्हणजे, त्या दिवशी तुम्हाला बरं नाही असं मी सांगेन म्हणतो."

बाई गं! आत जाऊन त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं मला. ज्या बाईने त्याच्या तापात त्याला मांडीवर घेऊन रात्री काढल्या, तिला म्हणतो, बरं नाही असं सांगेन. आणि ती काय म्हणाली? "बरं," म्हणाली. इतकंच.

मग कपाट सरकल्याचा आवाज आला. सगळा उन्हाळा बसून तिने त्याच्या लग्नाचा काळा रेशमी किमोनो शिवला होता, पाच जागी तोगाशी घराण्याचं चिन्ह असलेला. माझे डोळे बरे होते म्हणून सुया ओवून द्यायला मी असायचे, बाकी एक टाका कोणाला घालू दिला नाही. तो तिने त्याच्यासमोर ठेवला.

"हा तरी घेऊन जा. कच्चे टाके आदल्या दिवशी काढायला सांग. आणि ओढून काढू नका म्हणावं, रेशीम ओढलं जातं. कात्रीने कापून काढा."

"हो, काकू."

"आणि जेवून जा. मुळे शिजतायत."

"घाई आहे." तो गेला. मुळे आम्ही दोघींनीच खाल्ले, फार खारट झाले होते.

लग्नाचा दिवस उजाडला तो स्वच्छ, शुभ दिवसाला शोभेल असा. मला राहवेना. जाऊन बघते तर बाई नेहमीचा निळा किमोनो घालून नवऱ्याच्या फोटोपुढे बसलेल्या.

"आत्ता घालत असेल," त्या म्हणाल्या. "खांद्यात जरा घट्ट होईल का गं? मी एक बोट जास्त ठेवलं होतं."

"नाही व्हायचा घट्ट. तुमचं माप चुकत नाही."

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हामा, तुझ्याकडे लाल दाणे आहेत?"

होते, लाल भातात घालायचे, चवळीसारखे. मूठभर. पण ते तोकुजीचे होते. तो परत येईल त्या दिवशी लाल भात करायचा म्हणून मी डब्यात चिंधी बांधून ठेवले होते, आणि त्या दिवसांत लाल दाणे शोधून मिळत नव्हते. मी म्हटलं, "कशाला हवेत?"

"थॉर्नबीसाहेब उद्या येणार आहेत. मी कबूल केलंय."

"मग त्यांना सांगा ना खरं काय ते."

"काय सांगू?" बाईंचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "या घरात यायचा बाकी राहिलेला एकच माणूस आहे तो. तो मला अजून तोगाशींची बायको समजतो. त्याला सांगू की माझ्याच पोराने मला दारात उभी केली नाही?"

मला राग आला. मनात म्हटलं, मी रोज येते ती माणूस नव्हे का? घरी गेले, डबा उघडला, चिंधी सोडली. तोकुजीला मनात म्हटलं, तू आलास की कुठूनतरी पैदा करीन रे, आईवर भरवसा ठेव. आणि दाणे नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. वाटीत लाल भात, वर तीळमीठ, अगदी लग्नघरातून आल्यासारखा. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी कपाळाला लावली, एक घास खाल्ला आणि विचारलं, "मग, बाई? नवरदेवाशेजारी कोण बसलं?"

"कोण बसणार? बॅरन कुनितोमो," बाई म्हणाल्या. हसून म्हणाल्या. "म्हातारे झालेत हो आता, पण काय ताठ बसले होते! सगळं खातं हजर. नवरी नाजूक आहे. मी तर रडलेच."

सुई माझ्या बोटात गेली. मी खाली मान घालून बोट चोखत बसले. साहेबांचा चेहरा, काय सांगू, महिनाभराचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसा झाला. त्यांनी वाटीतलं शीत न् शीत खाल्लं.

"आज संध्याकाळीच तार करतो," ते म्हणाले. "आणि मार्गारेटला सांगतो, सामान सोडून टाक. बोट परवा सुटते आहे. ती आज सकाळीच ट्रंका बांधत होती, नेल रडत होती. आता नववर्ष इथेच करू." ते बूट घालताना गुणगुणत होते. मला म्हणाले, "हामाबाई, नेलला आपल्या झाडावर पुन्हा चढण्याची अनुज्ञा असावी." आणि दार सरकवून गेले.

बाई रिकाम्या वाटीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "बाई, त्या पोरीला जाऊ दे."

"मला अक्कल शिकवू नकोस!"

"नाही शिकवत. पण लढाई झाली तर त्या पोरीला कुठे ठेवतील?"

त्या उठल्या. खडावा पायात घालायचं भान नाही, पांढऱ्या पायमोज्यांवर तशाच बाहेर. मी मागून धावले. आमच्या चढाच्या मध्यावर मुकाईचं दुकान, आणि दुकानापुढे ही रांग, आळीतल्या साऱ्या बायका पिशव्या घेऊन उभ्या. साहेब त्यांच्या अगदी समोर पोहोचले होते.

"थॉर्नबीसाहेब!"

सगळी रांग वळली. आमच्या आळीत तोगाशीबाईंनी कधी कोणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. केस सुटलेले, पायमोज्यांना चिखल लागलेला.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मी लग्नाला नव्हते. मला बोलावलंच नव्हतं. शुन्साकुने येऊन सांगितलं, येऊ नका. जनरल ओगुमा बसले होते त्याच्याशेजारी. बॅरनना कोणी विचारलंही नाही. आमची सगळी मुलं तिकडे गेली. सगळी. तो भात मी घरी केला."

आणि त्या चारचौघांत रडायला लागल्या. आमच्यात असं कोणी रडत नाही. बायका जमिनीकडे बघायला लागल्या. कोणीतरी पुटपुटलं, "अगं बाई, एवढं वाढवलं त्या पोराला..." दुसरी म्हणाली, "सून आली की असंच." मुकाई हातात माप धरून तांदळाच्या पेटीत डोकं खुपसून उभा राहिला.

साहेब पांढरेफटक पडले होते. कमरेत वाकले, इतके खाली आणि इतका वेळ की मला वाटलं आता उठतच नाहीत. मग वळले आणि उतारावरून जवळजवळ धावतच गेले.

मी बाईंना घरी नेलं आणि मग मुकाईकडे जायला निघाले. भर रस्त्यात परदेशी माणसाला जनरलचं नाव सांगितलेलं, आता पोलीस येणार, बाईंना नेणार. मुकाईने मला बघितलं आणि हातानेच थांबवलं.

"राहू द्या, हामाबाई. ऐकलं मी. आता हे बायकी रडगाणं का वर कळवायचं? पुतण्याने बोलावलं नाही म्हणून म्हातारी रडली. घरोघरी तेच." मग मान खाली घालून म्हणाला, "त्यांना म्हणावं, आजचा तांदूळ मी पोचवतो. रांगेत उभ्या राहू नका."

आळीतल्या एकाही माणसाला कळलं नाही त्या दुपारी बाई काय बोलून गेल्या. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी फक्त एका आईची फजिती ऐकली. मला हसावं की रडावं समजेना.

बोट सुटली. मार्गारेटबाई आणि नेल तिच्यावर होत्या, हे मला वकिलातीत दूध घालणाऱ्याकडून कळलं. साहेब पुन्हा आले नाहीत. थोड्याच दिवसांत लढाई जाहीर झाली आणि त्यांना त्यांच्याच आवारात कोंडून ठेवलं. बाईंच्या उंबऱ्याशी माझ्या खडावा तेवढ्या राहिल्या.

फजितीला मात्र पाय असतात. रांगेतल्या कोणीतरी कोणाला सांगितलं, तिने आणखी कोणाला, आणि गोष्ट नवरीच्या माहेरी पोचली. एक दिवस शुन्साकुकडचा एक नोकर गाठोडं घेऊन आला. निरोप नाही, काही नाही. वाकला, ठेवलं आणि गेला.

बाईंनी गाठ सोडली. काळा रेशमी किमोनो. त्यांनी बाही उलटून बघितली, मग कॉलर, मग खालची पट्टी. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके जसेच्या तसे होते.

"घातलाच नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ सरकून बसले. मग त्या किमोनोची घडी घालायला लागल्या, सावकाश, कोपरे जुळवून.

"हामा, तुझा तोकुजी केवढा आहे गं उंचीला?"

"तुमच्या शुन्साकुएवढाच." खोटं होतं. माझा मुलगा वीतभर बुटका.

"मग हा तू घेऊन जा. तुझे दाणे मी संपवले."

"बाई, यावर तुमच्या घराण्याचं चिन्ह आहे. चटईवाल्याच्या पोराने घातला तर लोक हसतील."

"हसू देत. कोण राहिलंय बघायला?" त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "कच्चे टाके आत्ता काढू नकोस. तो आला की आपण दोघी मिळून काढू."

बाई त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेल्या. सोबत मी होते आणि मुकाई होता, शुन्साकुला कळवलं होतं. पुढे बॉम्ब पडून आळी जळाली तेव्हा मी एक पेटी पाठीला बांधून उतारावरून पळाले. ती पेटी अजून आहे. दर उन्हाळ्यात मी किमोनो सावलीत वारा खायला टांगते, कापूर घालते, घडी करून परत ठेवते. टाके मी काढलेले नाहीत.